न परवडणारी गाडी कोणाच्या पैशाने चालवायची?

२१ जून १९७० रोजी, रविवार असूनही, फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात पेन सेंट्रल या रेल्वे कंपनीचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला. तोवर अमेरिकेत एवढी मोठी कंपनी बुडाली नव्हती. सुमारे २० हजार मैलांचं जाळं, १६ राज्यं, ९० हजारांवर कर्मचारी. न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो, वॉशिंग्टन या सगळ्या शहरांचा माल आणि रोजचे नोकरदार तिच्याच गाड्यांतून जात. आणि कंपनीचं वय? अवघं सव्वादोन वर्षं. अर्थात ते कागदावरचं. तिच्या पोटात पेनसिल्व्हेनिया रेलरोड आणि न्यूयॉर्क सेंट्रल या दोन जुन्या, एकमेकींच्या हाडवैरी कंपन्या होत्या, आणि त्यातली पेनसिल्व्हेनिया ही एकेकाळी जगातली सर्वांत मोठी कंपनी मानली जाई.

या बुडण्याचे दोन निकाल आयते मिळतात. बाजारवाद्यांचा निकाल असा की सरकारने दर बांधून ठेवले, तोट्याच्या गाड्या बंद करू दिल्या नाहीत, आणि खासगी उद्योग गळा दाबून मारला. दुसऱ्या बाजूचा निकाल असा की संचालकांनी रेल्वे चालवायची सोडून जमिनी, पाइपलाइन आणि विमानकंपनीत पैसा घातला, भागधारकांना खूश ठेवलं आणि रुळांचं भंगार केलं. दोन्ही निकालांना भरपूर पुरावा आहे. मला मात्र वाटतं की दोघेही एकाच खड्ड्याच्या दोन काठांवर उभे राहून भांडताहेत. खड्डा असा: समाजाला हवी असलेली पण स्वतःचा खर्च न भागवणारी गाडी कोणाच्या पैशाने चालवायची, हे अमेरिकेने शंभर वर्षांत कुठल्याही कागदावर लिहिलं नाही. ज्या कर्तव्याचा खर्च कोणाच्याच नावावर टाकलेला नसतो, तो शेवटी रुळांच्या डागडुजीतून कापला जातो. पेन सेंट्रलची कथा या एका वाक्याचा विस्तार आहे, असं माझं म्हणणं आहे.

पेनसिल्व्हेनिया रेलरोडला सनद मिळाली १८४६ मध्ये. फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्यांना भीती होती की न्यूयॉर्कचा कालवा आणि बाल्टिमोरची रेल्वे मिळून पश्चिमेचा सगळा व्यापार पळवतील. मध्ये अॅलेघेनीचे डोंगर आडवे. अल्टूनाजवळ जे. एडगर थॉमसन या अभियंत्याने दरीला वळसा घालून घोड्याच्या नालेसारखा रूळ वळवला, चढ सौम्य केला, आणि १८५४ मध्ये गाडी त्यावरून पलीकडे गेली. तो हॉर्सशू कर्व्ह आजही वापरात आहे. थॉमसन पुढे बावीस वर्षं कंपनीचा अध्यक्ष राहिला. अभियंता अध्यक्ष झाला की काय होतं ते त्याने दाखवलं: नफ्यातला मोठा हिस्सा पुन्हा मार्गात, चांगल्या रुळांत, कारखान्यांत. कंपनी स्वतःला ‘जगाची प्रमाण रेल्वे’ म्हणवून घेई, आणि ही फुशारकी फारशी खोटी नव्हती.

पण तिच्या वैभवाचं वर्णन करताना हिशेबाची दुसरी बाजू गाळली की पुढचं काहीच समजत नाही. थॉमसननंतर आलेला टॉम स्कॉट हा सौदेबाजीतला माणूस. १८७२ मध्ये साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी नावाचा जो बेत शिजला त्यात स्कॉटचा हात होता. रॉकफेलर आणि त्याचे साथीदार यांना तेलाच्या वाहतुकीवर गुपचूप सूट द्यायची, आणि वर त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी भरलेल्या भाड्यातलाही वाटा त्यांनाच द्यायचा, असा तो बेत होता. तेलाच्या पट्ट्यात लोक पेटून उठले आणि तो मागे घ्यावा लागला. १८७७ च्या मंदीत कंपनीने पगार १० टक्क्यांनी कापले आणि पिट्सबर्गला तेवढ्याच माणसांवर दुप्पट लांबीच्या गाड्या लादल्या. संप झाला. फिलाडेल्फियाहून आणलेल्या सैनिकांनी २१ जुलैला गर्दीवर गोळ्या झाडल्या, सुमारे वीस माणसं मेली. त्या रात्री शहराने कंपनीची शंभरावर इंजिनं आणि दोन हजारांच्या आसपास डबे-वाघिणी जाळून टाकल्या.

ही प्रकरणं मी एवढ्यासाठी सांगतो की १८८७ मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोग स्थापन झाला आणि १९०६ च्या कायद्याने त्याला कमाल भाडं ठरवण्याचा अधिकार मिळाला, ते काही आभाळातून पडलं नाही. ज्या नियंत्रणाला कंपनीचे वारस पुढे शिव्या देत राहिले, त्याला आमंत्रण याच कंपन्यांनी दिलं होतं. छोटा शेतकरी आणि छोटा तेलवाला यांना वेगळा भाव लावणाऱ्यांवर एक दिवस सरकारचा हात पडणारच होता.

तो हात पडला त्याच सुमाराला कंपनी आपल्या कर्तृत्वाच्या शिखरावर होती, हा एक विचित्र योग. हडसन नदीमुळे पेनसिल्व्हेनियाचे प्रवासी जर्सी सिटीला उतरून होडीने न्यूयॉर्कला जात. न्यूयॉर्क सेंट्रलची गाडी मात्र थेट मॅनहॅटनच्या मध्यात पोहोचायची. अध्यक्ष अलेक्झांडर कॅसॅट यांनी ठरवलं की नदीखालून बोगदे खणायचे. (चित्रकार मेरी कॅसॅट ही त्यांची सख्खी बहीण.) हे काम कंपनीने स्वतःच्या पैशाने केलं. कॅसॅट १९०६ मध्ये वारले. बोगदे आणि रोमन स्नानगृहांच्या धर्तीवरचं ते प्रचंड पेन स्टेशन १९१० मध्ये खुलं झालं. न्यू जर्सीत एडिसन, मेट्रोपार्क परिसरात जी हजारो मराठी कुटुंबं आहेत, त्यांच्यातले न्यूयॉर्कला नोकरीला जाणारे आजही त्याच दोन बोगद्यांतून जातात. २०१२ च्या सँडी वादळात त्यांत खारं पाणी शिरलं आणि नवे बोगदे खणायची चर्चा निकडीची झाली. एका खासगी कंपनीने स्वखर्चाने बांधलेल्या गोष्टीची जोडी उभी करायला सरकारांना शंभर वर्षांहून अधिक काळ लागतो, हे बाजारवाद्यांनी मला ऐकवावं. मी मान्य करीन. पण तेवढ्यावर थांबू नये. याच मार्गाचं विद्युतीकरण वॉशिंग्टनपर्यंत १९३५ मध्ये पूर्ण झालं ते महामंदीतल्या सरकारी कर्जाच्या आधाराने. खासगी आणि सरकारी या दोन रकान्यांत या कंपनीचा इतिहास कधी नीट बसलाच नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर चाक उलटं फिरू लागलं. १९४६ मध्ये, म्हणजे शताब्दीच्याच वर्षी, कंपनीला पहिल्यांदा तोटा झाला. कारणं सांगायला वेळ लागू नये: मोटार, ट्रक, विमान. पण या तिघांच्या मागे काय उभं होतं ते पाहिलं पाहिजे. १८८० च्या दशकात पेनसिल्व्हेनियाच्या प्रांतात शिरकाव करायला न्यूयॉर्क सेंट्रलच्या व्हँडरबिल्टने साउथ पेनसिल्व्हेनिया नावाचा समांतर रेल्वेमार्ग बांधायला घेतला होता. बँकर जे. पी. मॉर्गन यांनी १८८५ मध्ये दोन्ही बाजूंना आपल्या बोटीवर बोलावून तडजोड घडवली आणि काम थांबलं. अर्धवट खणलेले बोगदे डोंगरात तसेच पडून राहिले. १९४० मध्ये सरकारी अनुदान आणि सरकारी कर्ज यांच्या जोरावर पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा महामार्ग झाला, तो त्यातल्याच बहुतेक बोगद्यांतून. प्रतिस्पर्ध्याला रोखून मिळवलेला विजय पंचावन्न वर्षांनी ट्रकांच्या रूपाने परत आला.

१९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचं जाळं सरकारी पैशाने उभं राहू लागलं. १९५९ मध्ये समुद्री जहाजांना थेट महासरोवरांपर्यंत नेणारा सेंट लॉरेन्सचा जलमार्ग खुला झाला. विमानतळ नगरपालिकांनी बांधले. रेल्वे मात्र स्वतःचा रस्ता स्वतः बांधत होती, स्वतः राखत होती, आणि वर त्या रस्त्यावर स्थानिक मालमत्ता करही भरत होती. नियामक आयोगाच्या मनातलं साल अजून १९०६ च होतं. रेल्वे ही मक्तेदार आहे या समजुतीने तो भाडं वाढवूही देईना, आणि गंमत म्हणजे कमी करूही देईना. दक्षिणेतल्या सदर्न रेल्वेने १९६१ मध्ये धान्यासाठी नव्या मोठ्या वाघिणी आणून भाडं निम्म्याहून खाली आणायचं ठरवलं, तर आयोगाने बोटवाल्यांच्या आणि ट्रकवाल्यांच्या तक्रारीवरून ते अडवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, निकाली निघायला चार वर्षं लागली. स्वस्त करायची परवानगी मागायला चार वर्षं!

आणि प्रवासी गाड्या. रिकामी धावणारी गाडी बंद करायची तर राज्याची परवानगी, मग आयोगाची सुनावणी, प्रत्येक गावच्या आमदाराचा विरोध. त्या आमदाराची चूक नव्हती. गावाला गाडी हवीच होती. फक्त गाव तिचे पैसे द्यायला तयार नव्हतं, राज्य तयार नव्हतं, वॉशिंग्टन तयार नव्हतं. सगळ्यांचं गृहीत असं की कोळसा आणि पोलाद यांच्या भाड्यातून कंपनी हे भागवील. जोवर कोळसा रेल्वेनेच जात होता तोवर ते भागलंही. मग घरं तेलावर आणि गॅसवर तापू लागली, पोलादाचे कारखाने उताराला लागले, आणि जो भार कोणीच मोजला नव्हता तो तसाच कंपनीच्या पाठीवर राहिला.

इथवर वाचून कंपनीविषयी कणव वाटली असेल तर ती आवरावी. कारण या अडचणीत तिने जे केलं ते अक्षम्य होतं. पेनसिल्व्हेनियाचा अभिमान असा की शंभराहून अधिक वर्षं एकही वर्ष लाभांश चुकला नाही. हा अभिमान टिकवायला पैसे कुठून आणायचे? नॉरफोक अँड वेस्टर्न या कोळसा वाहणाऱ्या श्रीमंत रेल्वेचे भाग कंपनीकडे होते, त्यांचं उत्पन्न येई. पण नियामकाने ते विकायला लावले. मग उरले रूळ. यंदा बदलायचे स्लीपर पुढच्या वर्षी बदलू, खडी पुढच्या वर्षी टाकू. ही पुढे ढकललेली डागडुजी ताळेबंदात तोटा म्हणून दिसत नाही, हीच तिची सोय. खर्च वाचला की नफा दिसतो, नफा दिसला की लाभांश देता येतो. आपल्याकडे याला ऋण काढून सण करणं म्हणतात. इथे ऋण सावकाराकडून न घेता स्वतःच्याच रुळांकडून घेतलं होतं इतकाच फरक. १९६३ मध्ये पेन स्टेशनची इमारत पाडायला सुरुवात झाली, कारण तिच्यावरची हवेतली जागा, म्हणजे फलाटांच्या वर बांधकाम करण्याचा हक्क, विकून पैसा मिळत होता. फलाट जमिनीखाली तसेच राहिले, वर मॅडिसन स्क्वेअर गार्डन आलं. न्यूयॉर्ककरांना त्याचा इतका संताप आला की १९६५ मध्ये शहराने वारसावास्तूंचा कायदा केला.

मग विलीनीकरणाची कल्पना पुढे आली. खरं तर ती १९५७ पासून चर्चेत होती. पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल यांचे मार्ग पूर्वेकडून शिकागोपर्यंत जवळपास समांतर. १९०२ पासून दोघींच्या आलिशान गाड्या, पेनसिल्व्हेनियाची (पुढे जिचं नाव ब्रॉडवे लिमिटेड झालं ती) आणि सेंट्रलची ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड, न्यूयॉर्क ते शिकागो शर्यत लावत. शिकागोच्या एंगलवूडपासून पुढे काही मैल त्या शेजारशेजारच्या रुळांवर अक्षरशः एकमेकींच्या खिडकीला खिडकी लावून धावायच्या. कागदावर हिशेब सोपा होता: दोन यार्डांच्या जागी एक, दोन मार्गांच्या जागी एक, दरवर्षी कोट्यवधी डॉलरची बचत. या बचतीचे आकडे तयार करायला सल्लागार होते, ते तपासायला आयोग होता, आणि सुनावण्या वर्षानुवर्षं चालल्या. १९६६ मध्ये मंजुरी मिळाली, न्यायालयीन अडथळे संपून १ फेब्रुवारी १९६८ ला पेन सेंट्रल जन्माला आली.

मंजुरी मिळवण्यासाठी काय काय कबूल केलं गेलं ते पाहा. कामगार संघटनांचा विरोध शमवायला १९६४ मध्येच करार झाला होता की विलीनीकरणामुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही. मी कामगारांच्या बाजूने विचार करणारा माणूस आहे, आणि मला तो करार वाईट वाटत नाही. पण ज्या बचतीच्या जोरावर विलीनीकरण मागितलं त्या बचतीचा मोठा भाग माणसं कमी करण्यातून येणार होता, हे पेनसिल्व्हेनियाचे अध्यक्ष स्टुअर्ट सॉन्डर्स यांना ठाऊक होतंच. एका हाताने कामगारांना शब्द दिला, दुसऱ्या हाताने भागधारकांना. दोन्ही शब्द एकदम पाळणं शक्य नव्हतं. त्यावर आयोगाने अट घातली की आधीच दिवाळखोर असलेली न्यू हेवन रेल्वे, जिच्याकडे मुख्यतः तोट्यातले प्रवासी होते, तीही पोटात घ्या. १ जानेवारी १९६९ ला तीही आली. म्हणजे कनेटिकटच्या नोकरदारांची गाडी चालू राहावी ही सार्वजनिक गरज पुन्हा एकदा कोणाच्या तरी ताळेबंदात ढकलून सरकार मोकळं झालं.

दोन कंपन्या जोडल्या गेल्या त्या फक्त नावाने. सॉन्डर्स वकील, राजकारण्यांशी सूत जुळवणारे. न्यूयॉर्क सेंट्रलकडून आलेले आल्फ्रेड पर्लमन यांना रेल्वे चालवण्याचं अंग, आणि त्यांनी आपल्या कंपनीचे चौपदरी मार्ग दोनवर आणून यार्ड आधुनिक केली होती. वित्तप्रमुख डेव्हिड बेव्हन दोघांवरही नाराज. कर्मचारी स्वतःला लाल आणि हिरव्या गटाचे म्हणवत, पेनसिल्व्हेनियाचे लाल, सेंट्रलचे हिरवे. दोन्हीकडच्या संगणकांना एकमेकांची नोंद वाचता येत नव्हती. मालाची कागदपत्रं एका यार्डात, वाघिणी दुसऱ्या यार्डात. ग्राहकाने आपला माल कुठे आहे विचारलं तर कोणाला सांगता येईना. माल हरवणारी रेल्वे ग्राहकही हरवते. त्यांनी ट्रक बोलावले. त्यात १९६९-७० चा कडक हिवाळा. आणि ही सगळी धुळधाण सुरू असताना एका प्रतिष्ठित साप्ताहिकाने सॉन्डर्स यांना १९६८ चे सर्वोत्तम उद्योजक ठरवलं होतं. उद्योगजगतातल्या पुरस्कारांवरचा माझा विश्वास उडायला एवढं एक उदाहरण पुरेसं आहे.

लाभांश मात्र चालू होता. विलीनीकरणानंतरही, रेल्वे तोट्यात असतानाही. जमीनजुमल्याच्या उपकंपन्या, तेलाची पाइपलाइन, भाड्याने विमानं देणाऱ्या कंपनीतली गुंतवणूक अशा गोष्टींतून नफ्याचा आकडा उभा केला जात होता, आणि तो उभा राहावा म्हणून हिशेबाच्या ज्या कसरती झाल्या त्यांवर नंतर रोखेबाजाराच्या नियामकाने जाडजूड अहवाल लिहिला. रोख रक्कम संपली तशी कंपनीने कमर्शियल पेपर, म्हणजे विनातारण अल्पमुदतीची कर्जं, घेऊन दिवस ढकलले. ८ जून १९७० ला संचालकांनी सॉन्डर्स, पर्लमन आणि बेव्हन या तिघांनाही काढलं. निक्सन सरकारने २० कोटी डॉलरच्या कर्जाला हमी देण्याचा बेत केला, तोही संरक्षण उत्पादनाच्या कायद्याखाली. टेक्सासचे खासदार राइट पॅटमन, बँकिंग समितीचे अध्यक्ष, यांनी तो रोखून धरला. दोन दिवसांत अर्ज दाखल झाला. सुमारे ८ कोटी डॉलरचे कमर्शियल पेपर बुडाले आणि त्या बाजारात अशी घबराट पसरली की फेडरल रिझर्व्हला, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला, बँकांसाठी आपली कर्जखिडकी उघडी आहे असं सांगावं लागलं आणि मोठ्या ठेवींवरची व्याजमर्यादा सैल करावी लागली.

पॅटमन बरोबर होते का? मला वाटतं, होते. ती हमी मिळाली असती तर पैसा आधी कर्जदात्या बँकांच्या घशात गेला असता. रूळ तसेच राहिले असते. दिवाळखोरी झाली म्हणूनच अमेरिकेला तो शंभर वर्षं टाळलेला प्रश्न हाती घ्यावा लागला.

आणि उत्तर तुकड्यातुकड्यांनी आलं. १ मे १९७१ ला अॅमट्रॅक सुरू झाली: लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या आता सरकारी पैशाने. दिवाळखोरीचं काम पाहणारे न्यायाधीश जॉन फुलम यांनी पुढे बजावलं की घटनेचं संरक्षण असलेली धनकोंची मालमत्ता तोट्यात गाड्या चालवून अनंत काळ झिजवता येणार नाही. म्हणजे सार्वजनिक सेवा हवी तर मोबदला द्या. कायदे झाले, आणि १ एप्रिल १९७६ ला ईशान्येतल्या सहा बुडालेल्या रेल्वे एकत्र करून सरकारने कॉनरेल स्थापली. तेव्हाच्या रुळांची अवस्था अशी की उभ्या वाघिणीही रुळावरून घसरायच्या. न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन हा मुकुटमणी मार्ग अॅमट्रॅककडे गेला. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने मालभाड्याचं नियंत्रण मोकळं केलं. १९८३ मध्ये रोजच्या नोकरदारांच्या गाड्या राज्यांच्या संस्थांकडे गेल्या, न्यू जर्सीत एकीकडे, न्यूयॉर्क-कनेटिकटमध्ये दुसरीकडे.

कॉनरेलचं पुढे सोनं झालं. सदर्न रेल्वेतून निवृत्त झालेले स्टॅन्ली क्रेन १९८१ मध्ये आले, मार्ग छाटले, माणसं निम्म्याहून कमी केली. सरकारने तोवर सुमारे ७ अब्ज डॉलर ओतले होते. १९८७ मध्ये तिचे भाग बाजारात विकून दीड अब्जाहून अधिक डॉलर आले, त्या वेळची अमेरिकेतली सर्वांत मोठी भागविक्री. १९९७ मध्ये नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्स या दोन रेल्वे कंपन्यांनी सुमारे १० अब्जांना ती विकत घेतली आणि १९९९ मध्ये आपसात वाटून घेतली.

आपल्याकडे रेल्वेच्या खासगीकरणाचा वाद निघाला की कॉनरेलचं नाव घेणारे असतात. त्यांचा मुद्दा असा की नियंत्रण उठलं आणि रेल्वे नफ्यात आली. हे अर्धं सांगणं आहे. आधी प्रवाशांचा भार काढून घेतला, रूळ सरकारी पैशाने नवे केले, तोट्याचे मार्ग वगळले, आणि मग नफा झाला. उलट, सरकारनेच वाचवली असं म्हणणारेही अर्धंच सांगतात: सरकारी असताना पहिली काही वर्षं कॉनरेलही दिवसाला जवळपास १० लाख डॉलर घालवत होती, आणि दर ठरवायची मोकळीक मिळेपर्यंत सुधारली नाही. दोघांच्याही सांगण्यातून गळतो तो भाग हा की १९७१ ते १९८३ या काळात एकेका तोट्याच्या गाडीवर पैसे देणाऱ्याचं नाव लिहिलं गेलं. अॅमट्रॅकला दरवर्षी संसदेपुढे हात पसरावा लागतो, ते लाजिरवाणं वाटतं खरं. पण निदान ती रक्कम अर्थसंकल्पात दिसते, तिच्यावर भांडता येतं. भारतीय रेल्वेच्या तिकिटावर प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच वसूल होतात असं छापलेलं आपण वाचलंय. उरलेलं कोण देतं हे त्यावर नव्हतं. बराचसा भाग कोळसा देतो, मालगाडी देते. आणि मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा दशकानुदशकं रस्त्याकडे सरकत आलाय. खासगी की सरकारी हा वाद यानंतरचा आहे. रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प २०१७ पासून सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिसळला गेला, तेव्हा हे पैसे देणाऱ्याचं नाव आणखीच पुसट झालं असं मला वाटतं.

मूळ पेन सेंट्रल कंपनीचं काय झालं, हेही सांगायला हवं. ती मेलीच नाही. रेल्वे सरकारकडे देऊन, जमिनी आणि इमारती जवळ ठेवून ती १९७८ मध्ये दिवाळखोरीतून बाहेर पडली. रेल्वे-मालमत्तेच्या मोबदल्यापोटी सरकारने तिला पुढे दोन अब्ज डॉलरहून अधिक दिले. कालांतराने ती सिनसिनाटीच्या एका उद्योगपतीच्या हाती विमाकंपनी झाली. रूळ बुडाले, कंपनी तरली.

हे सगळं आता उकरायचं कारण म्हणजे जुलै २०२५ मध्ये पश्चिम अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने नॉरफोक सदर्न विकत घेण्याचा सुमारे ८५ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला. हॉर्सशू कर्व्हचा मार्ग आज नॉरफोक सदर्नकडे आहे. मंजुरी मिळाली तर एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ५० हजार मैलांची एकच रेल्वे होईल. भाषणं ओळखीची आहेत: बचत होईल, ट्रकवरचा माल रुळांवर येईल, कामगारांच्या नोकऱ्यांना धक्का लागणार नाही. १९६८ ची पुनरावृत्ती होईल असं मी म्हणत नाही. या दोन्ही कंपन्या नफ्यात आहेत, त्यांचे मार्ग समांतर नसून एकमेकांना जोडून आहेत, संगणकही आता एकमेकांशी बोलतात. धोका वेगळ्या दिशेने येईल. गेल्या काही वर्षांत अमेरिकेच्या मोठ्या रेल्वे कंपन्यांनी गाड्या लांब केल्या, माणसं कमी केली आणि नफ्यातून स्वतःचेच भाग परत विकत घेतले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाईन गावी नॉरफोक सदर्नच्या गाडीच्या ३८ वाघिणी घसरल्या आणि व्हिनाइल क्लोराइड हे विषारी रसायन जाळून टाकलं गेलं, तो मार्गही जुन्या पेनसिल्व्हेनियाचाच. कारण होतं तापलेलं बेअरिंग, आणि ते वेळेत न कळणं.

आंतरराज्य आयोगाच्या जागी १९९६ पासून आलेल्या भूपृष्ठ वाहतूक मंडळाकडे हा सौदा आहे. २००१ च्या नियमांनुसार विलीनीकरणाने सार्वजनिक हित आणि स्पर्धा वाढेल हे कंपन्यांना सिद्ध करावं लागतं. मंडळाने बचतीच्या आकड्यांवर वर्ष घालवण्यापेक्षा दोन गोष्टी मागाव्यात. एक, ज्या शाखामार्गांवर एकच गिरणी किंवा एकच धान्यकोठार उरलंय त्यांची यादी, आणि पुढची पंधरा वर्षं त्यांचा खर्च कोण उचलणार याचं लेखी उत्तर. कंपनी उचलणार नसेल तर राज्याने किती द्यावं तो आकडा. दोन, रुळांची आणि तपासणी-यंत्रणेची ठरलेली देखभाल झाली आहे असं बाहेरच्या अभियंत्याने प्रमाणित केल्याशिवाय लाभांश आणि भागखरेदी नाही. दुसऱ्या अटीला दोन्ही कंपन्यांचा कडाडून विरोध होईल, वकील ती बेकायदा ठरवायला धावतील, आणि भागधारकांच्या बैठकीत तर ती हास्यास्पद ठरेल. थॉमसनच्या काळात ही अट घालायची गरज नव्हती, कारण तो ती न सांगता पाळत होता.